किनाऱ्यावरून न दिसणारे पक्षी

समुद्रपक्षी बघायला बोटीनं इतकं आत कशाला जायचं? चौपाटीवर उभं राहून दिसत नाहीत का? पक्षिनिरीक्षणाच्या कार्यक्रमात हा प्रश्न हमखास येतो, आणि तो रास्त आहे. चौपाटीवर कुरव दिसतात, सुरय दिसतात, बगळे तर असतातच. पण हे सगळे किनाऱ्याचे पक्षी. संध्याकाळ झाली की ते जमिनीवर किंवा खडकावर टेकतात. ज्यांना खऱ्या अर्थानं दर्याचे पक्षी म्हणावं, ते पेट्रेल आणि शिअरवॉटर वर्षातले कित्येक महिने जमिनीला पायसुद्धा लावत नाहीत. खातात समुद्रावर, झोपतात समुद्रावर, वादळ आलं तरी समुद्रावरच. जमिनीवर येतात ते फक्त अंडं घालायला आणि पिल्लू वाढवायला, तेही बहुतेक रात्रीच्या अंधारात.

अशा पक्ष्यांना भेटायचं तर त्यांच्या मुलखात जावं लागतं. त्यासाठी जगभरचे पक्षिप्रेमी ज्या जागी जातात, त्यांतली एक म्हणजे अटलांटिक महासागरातलं मदेरा बेट. पोर्तुगालचं हे बेट लिस्बनपासून सुमारे हजार आणि आफ्रिकेच्या किनाऱ्यापासून साधारण सातशे किलोमीटरवर आहे. फुटबॉलपटू रोनाल्डोचं जन्मगाव फुंशाल ही त्याची राजधानी. या प्रकरणात आपण मदेराच्या बोटीवर बसूनच दर्याच्या पक्ष्यांची ओळख करून घेऊ.

१. मदेराच का?

मदेरा हा समुद्राच्या तळातून उठलेला ज्वालामुखीचा डोंगर आहे. आसपासचा तळ सुमारे चार हजार मीटर खोल आहे आणि बेटाचं सर्वांत उंच शिखर, पिको रुइव्हो, समुद्रसपाटीपासून १,८६२ मीटर उंच. म्हणजे तळापासून मोजलं तर हा डोंगर सहा हजार मीटरच्या आसपास जातो, आणि आपल्याला दिसतो तो त्याचा वरचा तिसरा हिस्सा. डोंगराचा उतार पाण्याखालीही तितकाच तीव्र असल्यामुळे बंदर सोडल्यावर थोड्याच वेळात बोटीखाली हजार मीटरहून अधिक पाणी असतं.

आपल्याकडे असं नाही. मुंबईसमोर समुद्राखालचा उथळ पठारासारखा भाग दोनशे किलोमीटरहूनही लांब पसरला आहे. खोल दर्याचे पक्षी गाठायला इथून निघालं तर बोटीत रात्र काढावी लागेल. मदेरात दुपारी निघालेली बोट अंधार पडल्यावर परत येते आणि तेवढ्यात खोल महासागर गाठून झालेला असतो.

मग डोंगरकड्यावर बसून मोठ्या दुर्बिणीनं बघितलं तर? एक सोपा हिशेब करू. पेट्रेलच्या पंखांचा विस्तार ८० सेंटीमीटर धरा. तो वीस किलोमीटरवर उडत असेल, तर एक मीटरवर धरलेल्या कागदावरच्या ०.०४ मिलिमीटर लांबीच्या रेघेएवढा दिसेल. ही रेघ डोळ्यांना दिसणारच नाही. आठपट मोठं दाखवणारी दुर्बीण लावली तरी ती जेमतेम ०.३ मिलिमीटर होईल, म्हणजे एक ठिपका. पक्षी आहे एवढं कदाचित कळेल, कोणता आहे हे नाही. अंतर कमी करण्याला पर्याय नाही.

२. पितात काय?

महिनोन्महिने समुद्रावर राहायचं तर पहिली अडचण गोड्या पाण्याची. समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम मीठ असतं. माणूस ते प्यायला तर तहान भागण्याऐवजी वाढते, कारण आलेलं मीठ बाहेर टाकायला आपल्या मूत्रपिंडांना प्यायलेल्या पाण्याहून जास्त पाणी खर्चावं लागतं.

समुद्रपक्ष्यांकडे यासाठी वेगळा अवयव आहे. डोळ्यांच्या वर, कवटीच्या खोबणीत मिठाच्या ग्रंथी असतात. त्या रक्तातलं मीठ गाळून घट्ट खारट द्रव तयार करतात आणि तो नाकपुड्यांवाटे बाहेर पडतो. क्नूट श्मिट-नील्सन या शास्त्रज्ञानं १९५०च्या दशकात हे काम उलगडून दाखवलं.

हिशेब असा. पक्ष्यानं १०० मिलिलिटर समुद्राचं पाणी प्यायलं, तर पोटात साडेतीन ग्रॅम मीठ गेलं. ग्रंथीतून निघणाऱ्या द्रवात मिठाचं प्रमाण ५ टक्के धरलं, तर साडेतीन ग्रॅम मीठ बाहेर टाकायला ७० मिलिलिटर पाणी लागलं. उरलेलं ३० मिलिलिटर गोडं पाणी पक्ष्याच्या शरीराला मिळालं. बोटीजवळ पाण्यावर बसलेल्या शिअरवॉटरच्या चोचीच्या टोकाशी कधी कधी एक थेंब लोंबताना दिसतो, तो हाच.

पेट्रेल आणि शिअरवॉटर यांच्या चोचीवर नाकपुड्यांची नळी असते. फोटो मोठा करून पाहिला तर चोचीच्या मुळाशी, वरच्या बाजूला ती चिकटवल्यासारखी दिसते. या सगळ्या कुळाची ही खूण आहे. अल्बॅट्रॉसही त्याच मोठ्या गोतावळ्यातला, फक्त त्याच्या नळ्या चोचीच्या दोन बाजूंना असतात.

३. पंख न हलवता एवढं अंतर?

बोट बंदराबाहेर पडली की पहिल्यांदा दिसतो तो कोरीचा शिअरवॉटर. वरून तपकिरी, खालून पांढरा, चोच पिवळी आणि पंखांचा विस्तार मीटरभराहून जास्त. तो ताठ पंखांनी लाटेच्या पोटातून सरकत येतो, एकदम तिरपा होऊन वर चढतो, वळतो आणि पुन्हा खाली घसरतो. पंखाचं टोक पाण्याला लागेल की काय असं वाटतं, पण लागत नाही. मिनिटभर बघत राहिलं तरी पंखांची फडफड मोजकीच.

ही ताकद येते वाऱ्याच्या एका साध्या गुणातून. पाण्यालगत वारा मंद असतो, कारण लाटांशी घासून त्याचा वेग मोडतो. दहा-पंधरा मीटर वर तोच वारा जोरात वाहतो. समजा, पाण्यालगत तो ताशी १५ किलोमीटर आहे आणि वर ताशी ३०. पक्षी वाऱ्याकडे तोंड करून वर चढला की त्याला अचानक १५ किलोमीटर जास्तीचा वारा समोरून मिळतो. पंखांखालून जाणाऱ्या हवेचा वेग वाढतो आणि पक्षी आणखी उचलला जातो. वर पोचल्यावर तो वळतो, वारा पाठीवर घेतो आणि खाली उतरतो. खाली वारा मंद, पण पक्षी वरचा वेग सोबत घेऊन आलेला. त्यामुळे इथंही भोवतालच्या हवेच्या मानानं त्याचा वेग वाढलेलाच. चढताना फायदा, उतरतानाही फायदा. प्रत्येक फेरीत वाऱ्याकडून थोडी ऊर्जा घेत तो पुढं जात राहतो. ब्रिटिश शास्त्रज्ञ लॉर्ड रॅली यांनी पक्ष्यांच्या अशा उड्डाणाचं हे तत्त्व १८८३ मध्येच मांडलं होतं.

यातून बोटीवर उपयोगी पडेल अशी एक गोष्ट निघते. वारा पडला की हे पक्षी पाण्यावर बसून राहतात. चांगला वारा सुटला की उडतात. नवख्या माणसाला शांत समुद्र बरा वाटतो, पण पेट्रेल बघायचे असतील तर वारा हवाच.

४. मोकळ्या समुद्रात जेवण सापडतं कसं?

चारी दिशांना सारखंच निळं पाणी. कुठं मासे वर आले आहेत हे पक्ष्याला कळतं कसं? बऱ्याच अंशी नाकानं. पक्ष्यांना वास फारसा येत नाही अशी जुनी समजूत होती. पेट्रेलच्या कुळानं ती खोटी ठरवली.

समुद्राच्या पृष्ठभागाजवळ सूक्ष्म वनस्पती तरंगत असतात. त्यांना खायला बारीक कोळंबीसारखे जीव येतात. ही चराई सुरू झाली की त्या वनस्पतींमधून डायमिथाइल सल्फाइड नावाचा वायू हवेत मिसळतो. किनाऱ्यावर आपल्याला जो समुद्राचा वास येतो, त्यात याचा वाटा असतो. पेट्रेलची काही जातभाई पाखरं या वासाच्या रोखानं जातात, हे गॅब्रिएल नेव्हिट यांनी १९९५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांतून दाखवलं. वास आला म्हणजे तिथं खाणारे जीव आहेत. खाणारे आहेत म्हणजे त्यांना खाणारे मासे आणि माखलं येणार. पक्ष्याला एवढा सुगावा पुरतो.

बोटीवरची युक्ती या नाकावरच बेतलेली आहे. माशांची आतडी, काळीज, डोकी यांचा लगदा करून, त्यात माशाचं तेल मिसळून तो गोठवतात. खोल पाण्यात पोचल्यावर इंजिन बंद करतात आणि गोठलेला गोळा जाळीत घालून पाण्यात सोडतात. तो हळूहळू विरघळतो, तेलाचा गुळगुळीत पट्टा पाण्यावर पसरतो आणि वास वाऱ्यावर स्वार होतो. चाळीत एका घरी सुके बोंबील भाजायला घेतले, की कोणाकोणाला कळतं ते वारा ठरवतो. वाऱ्याच्या तोंडाशी असलेल्या शेजाऱ्याला पत्ताही लागत नाही आणि उलट्या बाजूच्या शेवटच्या खोलीतला माणूस दार उघडून बाहेर येतो. समुद्रावरही तेच. ताशी २० किलोमीटरचा वारा असेल तर तासाभरात वास वीस किलोमीटरपर्यंत पोचू शकतो, पण एकाच दिशेला.

म्हणून जाणता निरीक्षक बोटीवर सगळीकडे मान फिरवत बसत नाही. वारा जिकडे जातो आहे तिकडे, तेलाच्या पट्ट्यावर तो नजर ठेवतो. पक्षी तिकडूनच, वाऱ्याच्या उलट, नागमोडी वळणं घेत येतात.

५. बोटीवर कोण कोण येतं?

मदेरातल्या या फेऱ्यांसाठी हवा भरलेल्या कडांची, वेगवान, लहान बोट वापरतात. ती पाण्याला इतकी लागून असते की पक्षी डोळ्यांच्या पातळीवर येतात. मे अखेरपासून ऑगस्टपर्यंतचे दिवस सर्वांत चांगले, कारण तेव्हा बहुतेक जाती घरट्यांवर असतात.

बोट थांबल्यावर शिअरवॉटर आधी हजर होतात. मग बुलवरचा पेट्रेल येतो. पूर्ण काळसर, लांब टोकदार शेपटीचा, पाण्यालगत सरपटल्यासारखा उडणारा. जेम्स बुलवर हे धर्मोपदेशक एकोणिसाव्या शतकात मदेरात राहिले होते, त्यांचं नाव या पक्ष्याला मिळालं. मदेराच्या आग्नेयेला देझेर्ताश नावाची ओसाड बेटं आहेत. अटलांटिकमधली या पेट्रेलची मोठी वस्ती तिथं आहे.

मग येतात स्टॉर्म पेट्रेल. चिमणीपेक्षा थोडेच मोठे, आणि तरी उघड्या महासागरावर राहणारे. त्यांतला पांढऱ्या तोंडाचा स्टॉर्म पेट्रेल एकदा जवळून पाहावाच. तोंड पांढरं, डोळ्यावर काळसर पट्टा, पाय शेपटीच्याही बाहेर लोंबणारे. तो पंख ताठ पसरून वाऱ्यावर तरंगतो, दोन्ही पाय एकदम पाण्यावर आपटतो आणि उसळी घेतो. पुन्हा आपटतो, पुन्हा उसळतो. उसळी कधी डावीकडे, कधी उजवीकडे. मध्येच चोच खाली घालून तेलाचा एखादा कण उचलतो. पायांची बोटं पिवळ्या पडद्यांनी जोडलेली असतात आणि उसळी घेताना तो पिवळा रंग क्षणभर चमकतो. मदेरा आणि कॅनरी बेटांच्या मधल्या सेल्व्हाजेंश बेटांवर त्याच्या हजारो जोड्या वीण करतात.

बोट लागण्याचा त्रास असणाऱ्यांनी निघण्याआधी डॉक्टरांच्या सल्ल्यानं गोळी घ्यावी, पोट अगदी रिकामं ठेवू नये आणि अधूनमधून नजर क्षितिजावर टेकवावी. डोलणाऱ्या बोटीत दहापट दुर्बिणीपेक्षा आठपट दुर्बीण बरी. जितकं मोठं दिसतं, तितकं हलतंही.

६. दोन सारखे पक्षी आणि एक मेंढपाळ

दिवस कलू लागला की बोटीवरची बोलणी कमी होतात. सगळे ज्याची वाट बघत असतात तो आता येण्याचा संभव असतो. राखाडी पाठ, पंखांवर इंग्रजी एम अक्षरासारखी गडद नक्षी, पांढरं पोट, काळसर पंखतळ. तो तेलाच्या पट्ट्यावरून एकदा, फार तर दोनदा वेगानं जातो. थांबत नाही.

इथं खरी परीक्षा सुरू होते, कारण या वर्णनाचे दोन पक्षी मदेराच्या पाण्यात आहेत. एक झिनोचा पेट्रेल. तो जगात फक्त मदेराच्या मधल्या उंच डोंगरांत, पिको दो अरीरोच्या परिसरातल्या कड्यांवर वीण करतो. त्याच्या अवघ्या ६५ ते ८० जोड्या असाव्यात असा अंदाज आहे. दुसरा देझेर्ताशचा पेट्रेल. तो फक्त देझेर्ताशपैकी बुजियो या बेटावर वीण करतो, त्याच्या सुमारे १६० ते १८० जोड्या. दुसरा थोडा मोठा आणि जाड चोचीचा, पहिला नाजूक आणि बारीक चोचीचा. उडत्या पक्ष्याच्या चोचीची जाडी डोळ्यांनी सांगणं अवघड. म्हणून झटपट बरेच फोटो काढतात, मग ते मोठे करून चोचीची लांबी आणि जाडी यांचं प्रमाण बघतात. कधी कधी तेवढ्यानंही निकाल लागत नाही, आणि तेव्हा वहीत "दोघांपैकी एक" असं लिहिणं हेच प्रामाणिक काम असतं.

झिनोचा पेट्रेल नामशेष झाला असंच बराच काळ मानलं जात होतं. फुंशालचे पक्षिअभ्यासक अलेक झिनो यांनी बुजियोवरच्या पेट्रेलची ध्वनिफीत कुराल दास फ्रेराश या डोंगरातल्या गावच्या एका मेंढपाळाला ऐकवली. रात्री डोंगरात ऐकू येणारा आवाज हाच, हे त्यानं ओळखलं. त्याच्या आधारानं १९६९ मध्ये घरट्यांची जागा पुन्हा सापडली. डोंगरात आयुष्य काढलेल्या माणसाच्या कानांनी विज्ञानाला एक हरवलेला पक्षी मिळवून दिला.

७. समुद्र सांभाळतो, जमीन घात करते

आतापर्यंत पाहिलेली प्रत्येक गोष्ट या पक्ष्यांची समुद्रावरची हुकमत सांगते. देझेर्ताशच्या पेट्रेलला बसवलेल्या यंत्रांवरून कळलं आहे, की जोडीदार अंडं उबवत असताना दुसरा पक्षी अन्नासाठी तब्बल बारा हजार किलोमीटरपर्यंतची फेरी मारून येतो. मुंबई ते न्यूयॉर्कचं हवाई अंतर साधारण तेवढंच. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तर मागोवा घेतलेल्या पक्ष्यांपैकी सुमारे एक तृतीयांश पक्षी चक्रीवादळाला टाळण्याऐवजी त्याच्या मागोमाग गेलेले आढळले. वादळ समुद्र ढवळून काढतं, खालचं खाद्य वर येतं.

आणि हाच पक्षी जमिनीवर आला की एका उंदरापुढे हतबल असतो. बिळात एकच अंडं. ते गेलं की त्या वर्षी दुसरं नाही. पिल्लू मोठं होऊन स्वतः वीण करण्याजोगं व्हायला कित्येक वर्षं जातात. पन्नास जोड्यांनी वर्षभर कष्ट केले आणि निम्मी पिल्लं जगली, तर पंचवीसच नवी पाखरं समुद्रावर गेली. त्यांतली परत किती येतील ते पुढचं पुढं. अशा संथ हिशेबात एकेक प्रौढ पक्षी मोलाचा. १९९१ मध्ये मांजरांनी झिनोच्या पेट्रेलचे दहा प्रौढ पक्षी मारले. ऑगस्ट २०१० मध्ये मदेराच्या डोंगरात वणवा पेटला, त्यात तीन प्रौढ पक्षी आणि त्या हंगामातली ६५ टक्के पिल्लं गेली.

माणसं हातावर हात धरून बसली नाहीत. १९८०च्या दशकापासून घरट्यांच्या कड्यांभोवती उंदीर आणि मांजरांचा बंदोबस्त सुरू आहे. वणव्यानंतर कड्यांवरची सुटी झालेली माती जाळ्या टाकून धरली गेली आणि कृत्रिम बिळं खोदली गेली. सेल्व्हाजेंश बेटांवर पूर्वी दरवर्षी शिअरवॉटरची हजारो पिल्लं खाण्यासाठी मारली जात. अलेक झिनो यांनी तिथले शिकारीचे हक्क स्वतःकडे घेऊन ती थांबवण्याची धडपड केली, आणि १९७१ मध्ये ती बेटं संरक्षित झाली. आज सेल्व्हाजें ग्रांद या एका बेटावरच कोरीच्या शिअरवॉटरच्या तीसेक हजार जोड्या आहेत. खुद्द मदेरात शरद ऋतूत पहिल्यांदा उडणारी शिअरवॉटरची पिल्लं शहराच्या दिव्यांनी बावचळून रस्त्यावर पडतात. त्यांना उचलून समुद्राकडे पोचवण्यासाठी मदेरातले लोक दरवर्षी पुढं येतात.

बोटीतून दिसणाऱ्या प्रत्येक पेट्रेलमागे जमिनीवर राबलेले हे हात आहेत. मला या पक्ष्यांबद्दल सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट हीच. त्यांना समुद्रावर आपल्या मदतीची गरज फार कमी, पण वर्षातले काही महिने, काही मोजक्या कड्यांवर, त्यांचं सगळं भवितव्य आपल्या वागण्यावर अवलंबून असतं.

८. आपल्या किनाऱ्यावर

अरबी समुद्रही या पक्ष्यांना परका नाही. अंटार्क्टिकाच्या बाजूला वीण करणारा विल्सनचा स्टॉर्म पेट्रेल पावसाळ्यात आपल्या पश्चिम किनाऱ्यासमोर येतो. गोवा, कर्नाटक आणि केरळच्या किनाऱ्यावरून पक्षिअभ्यासक मच्छीमार बोटींतून खोल समुद्रात जातात आणि शिअरवॉटर, स्टॉर्म पेट्रेल यांच्या नोंदी करतात. वेंगुर्ल्यासमोरच्या खडकाळ बेटांवर सुरय वीण करतात. अशा बेटावर हौसेनं उतरणाऱ्या माणसाची चाहूल लागून पक्षी उडाले, की उघडी पडलेली अंडी उन्हात करपतात. वीण चालू असताना तिथं न उतरणं हीच मोठी मदत.

पावसाळ्यात, मोठ्या वादळानंतर, कोकणच्या पुळणीवर कधी कधी थकलेला अनोळखी समुद्रपक्षी सापडतो. मास्क्ड बूबीसारखे पक्षी मुंबईपासून खालच्या किनाऱ्यावर असे सापडले आहेत. लोक कळवळ्यानं त्याला पुन्हा लाटांत सोडतात आणि तो पुन्हा बाहेर फेकला जातो. असा पक्षी दिसला तर त्याच्यावर टॉवेल टाकून हलक्या हातानं धरा, चोच जपा, हवेशीर खोक्यात सावलीला ठेवा. तोंडात पाणी ओतू नका, खाऊ घालण्याचा आग्रह धरू नका. लगेच वन विभागाला कळवा. फोटो, ठिकाण आणि तारीख लिहून ठेवा. मेलेला सापडला तरी नोंद करा, कारण खोल समुद्रातल्या पक्ष्यांबद्दल आपल्या किनाऱ्याची बरीच माहिती अशा नोंदींतूनच जमली आहे, आणि ती वाढवायला बोट लागत नाही.